मातुशेकच्या दुकानातली नाताळची रात्र

'यू हॅव गॉट मेल' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. टॉम हँक्स, मेग रायन, १९९८ साल आणि ईमेलवरचं प्रेम. आज त्याच्या आजोबांविषयी बोलू. जानेवारी १९४० मध्ये आलेला 'द शॉप अराउंड द कॉर्नर'. ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून लगेच पुढे ढकलू नका, दहा मिनिटं द्या.

गोष्ट बुडापेस्टमधल्या चामड्याच्या वस्तूंच्या दुकानातली. क्रालिक हा जुना सेल्समन, क्लारा नवी आलेली. दुकानात दोघांचं एक मिनिट पटत नाही. पण दोघंही एका अनोळखी व्यक्तीला नाव न सांगता पत्रं लिहितायत, जीव लावून बसलेत, आणि ती व्यक्ती म्हणजे समोरचाच माणूस! हे आपल्याला आधी कळतं, मग क्रालिकला, आणि क्लाराला अगदी शेवटी. सगळी गंमत या अंतरात आहे.

मूळ नाटक मिक्लोश लास्लो या हंगेरियन लेखकाचं, १९३७ चं. त्यात दुकान अत्तरांचं होतं. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच हा बर्लिनच्या ज्यू शिंप्याचा मुलगा. बापाच्या कपड्यांच्या धंद्यात काम केलेला. सुरुवातीच्या मूकपटांत तो स्वतःच दुकानातल्या पोऱ्याच्या विनोदी भूमिका करायचा. त्यामुळे गिऱ्हाईक दारात आलं की चेहरे कसे बदलतात, मालकाचा मूड कोण आधी ओळखतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. क्रालिक झालेला जेम्स स्ट्युअर्टसुद्धा दुकानदाराचाच पोरगा, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान.

आता तारखा बघा. १९३५ मध्ये नाझी सरकारने लुबिचचं नागरिकत्व काढून घेतलं. ३ सप्टेंबर १९३९ ला, ब्रिटनने युद्ध जाहीर केलं त्याच दिवशी, 'अथेनिया' हे प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं. त्यावर लुबिचची तान्ही मुलगी होती, वर्षाचीही नव्हती. तिच्या दाईसोबत ती वाचली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हा माणूस नाताळच्या खरेदीवरचा हलकाफुलका सिनेमा शूट करत होता.

पिरोविच आठवतो का? म्हणजे पाहिला असेल तर. मालकाने 'तुझं प्रामाणिक मत सांग' म्हटलं की हळूच जिन्यावरून सटकणारा. तो फेलिक्स ब्रेसार्ट, हिटलर आल्यावर जर्मनी सोडलेला ज्यू नट. आपण त्या सटकण्यावर हसतो. पण बायकापोरं सांभाळणाऱ्या माणसाने नोकरी टिकवायला शोधलेली ती युक्ती आहे. नोकरी जाण्याची भीती अख्ख्या सिनेमात आहे. क्रालिकला तर खोट्या संशयावरून काढूनच टाकतात.

क्लारा म्हणजे मार्गारेट सलव्हन. पोस्टातल्या २३७ नंबरच्या पेटीत तिचा हात जातो, चाचपडतो, पत्र नाही. मग त्या चौकोनातून तिचा चेहरा दिसतो. बस. संवाद नाही. तुमच्या फोनवर 'सीन' होऊन उत्तर न आलेल्या मेसेजकडे बघताना तुमचा चेहरा असाच होत असणार. माझा तरी होतो.

पण माझ्या मते सिनेमाचा जीव मालक मातुशेकमध्ये आहे. हा फ्रँक मॉर्गन, 'विझार्ड ऑफ ऑझ'मधला जादूगार. बायकोचं प्रकरण कळल्यावर तो जीव द्यायला निघतो आणि पोऱ्या पेपी त्याला वाचवतो. रोमँटिक कॉमेडीत हे! आणि तरी ते उपरं वाटत नाही.

नाताळच्या रात्री दणदणीत विक्री झालेली, बाहेर बर्फ. मातुशेक एकेका नोकराला जेवायला विचारू बघतो. प्रत्येकाला घर आहे, कुणीतरी वाट बघतंय. शेवटी उरतो नवा पोऱ्या रूडी, शहरात कुणी नसलेला. मातुशेक त्याला जेवणात काय काय असेल त्याची यादी ऐकवू लागतो, आणि रूडीचे डोळे मोठे होत जातात.