वाफेचें पाणी व पाण्याचा मक्ता

खामगांवचें नांव निघालें कीं कापूस आठवतो, आणि कापूस आठवला कीं वऱ्हाडच्या भरभराटीचा सगळा इतिहास ओघानेंच येतो. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ ते १८६५ ह्या काळांत लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला व वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे व्यापारी जगाची दृष्टि वळली. १८६७ मध्यें भुसावळहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, शेगांव, अकोला करीत नागपुरास पोंचला. १८७० मध्यें गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो ह्यांनीं जलंबपासून खामगांवपर्यंतचा आठ मैलांचा सरकारी फांटा खुला केला. खामगांव त्या वेळीं अकोला जिल्ह्यांत होतें. बुलढाणा जिल्ह्यांत तें १९०५ सालीं आलें. हें सारें गॅझेटियरांत आहे. परंतु त्या फांट्यावरील इंजिनांना, आणि बाजाराभोंवतीं उभ्या राहिलेल्या जिनांना व प्रेसांना, जें पाणी पाजावें लागलें त्याची कथा सहसा कोणी सांगत नाहीं. ती सांगण्याजोगी आहे. कारण पाण्याची जबाबदारी कोणाची, हा आज कारखान्यांच्या निविदांत व करारपत्रांत वारंवार उभा राहणारा प्रश्न वाफेच्या यंत्राइतकाच जुना आहे.

बुलढाणा जिल्ह्यांत पाणी एका जातीचें नाहीं. दक्षिणेस चिखली-मेहकरकडील बालाघाटचें पठार, उत्तरेस पूर्णेचें सखल खोरें, म्हणजे जुन्या लोकांचा पयानघाट. पठारावरील विहीर काळ्या पाषाणांत खणलेली असते. त्या पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. डाळ लवकर शिजत नाहीं, साबणाला फेंस येत नाहीं, व गृहिणी त्यास 'जड पाणी' म्हणतात. घाट उतरून पूर्णेकडे जावें तों पाण्याची जात बदलते. शेगांव, जळगांव जामोद, संग्रामपूर ह्या तालुक्यांचा पुष्कळ भाग खारपाण पट्ट्यांत मोडतो. अकोला व अमरावती जिल्ह्यांतही पसरलेल्या ह्या पट्ट्याच्या पोटांत खारें पाणी आहे, तें इतकें कीं अकोला जिल्ह्यांत दहीहंड्याच्या बाजूस एके काळीं खोल विहिरी खणून त्यांच्या पाण्यापासून मीठ काढीत असत. तो धंदा पुढें बसला, पाणी मात्र होतें तसेंच राहिलें. खामगांव ह्या दोन प्रदेशांच्या शिंवेवर, घाटाच्या पायथ्याशीं वसलें आहे. शिवाय जिनांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशीं संपतो; म्हणजे नाले आटत जातात, विहिरी खोल जातात, आणि पाण्यांतील क्षार महिन्यागणिक दाट होतात. कार्तिकांत जें पाणी बरें, तेंच फाल्गुनांत वाईट.

ज्यांनीं घरांतील तांब्याचा बंब पाहिला आहे त्यांस बॉयलरचें दुखणें निराळें समजावून द्यावयास नको. बंबाच्या आंतल्या नळीवर जो पांढरा टणक थर बसतो, तोच बॉयलरच्या पत्र्यावर व नळ्यांवर बसतो. भेद इतकाच कीं बंबांत दाब नसतो. लोखंडांतून उष्णता जितक्या त्वरेनें जाते त्याच्या वीसांशाइतकीही ती ह्या थरांतून जात नाहीं. आग पाण्याला तापविण्याऐवजीं पत्र्यालाच तापविते. पत्रा मऊ पडतो व दाबाखालीं फुगूं लागतो. आरंभीं सरपण व कोळसा अधिक जळतो, आणि मालकाला तेवढेंच हिशेबाच्या वहींत दिसतें. शेवटीं पत्रा फाटतो, तेव्हां जवळ मालक नसतो, आगवाला असतो. खाऱ्या पाण्याची खोड वेगळी. तें असा जाड थर फारसा धरीत नाहीं, पण उकळतांना फेंसाळतें. तो फेंस वाफेबरोबर इंजिनांत शिरतो, आणि क्षार सांठत जाऊन लोखंड कुरतडतात. दाट झालेलें पाणी तळच्या तोटीनें वेळोवेळीं सोडून नवें घेणें हा त्यावरचा साधा उपाय. पण सोडलेल्या प्रत्येक घागरीबरोबर ती तापविण्याचा खर्चही गटारांत जातो.

पहिल्या पिढीच्या यंत्रवाल्यांनीं ह्यावर जे उपचार केले ते वैदूच्या झोळींत शोभण्यासारखे होते. विलायतेंत बॉयलरांत बटाटे टाकीत, ओकची साल टाकीत. त्यांत अगदींच तथ्य नव्हतें असें नाहीं. सालींतील तुरट द्रव्य व बटाट्यांतील पिष्ट ह्यांनीं थर भुसभुशीत होतो. शास्त्रीय वाट दाखविली ती ॲबर्डीनचे रसायनाचे प्राध्यापक टॉमस क्लार्क ह्यांनीं, १८४१ मध्यें. पाण्यांत चुन्याची निवळी घालून पाण्यांतलाच चुना खालीं बसवावयाचा, म्हणजे कांट्यानें कांटा काढावयाचा, ही त्यांची रीत. जो जडपणा चुन्यानें जात नाहीं त्यासाठीं पुढें धुण्याच्या सोड्याची जोड देण्यांत आली.

येथें थोडें विषयांतर वाचक क्षम्य मानतील. हा सोडा निसर्गानें ज्या तळ्यांत सांठविला आहे तें लोणार ह्याच बुलढाणा जिल्ह्यांत आहे. लोणारच्या आसमंतांत कांच व साबण करण्याचें साहित्य मिळतें असा उल्लेख 'आईन-इ-अकबरी'त आहे. पाणी ओसरलें म्हणजे कांठीं जमणाऱ्या निरनिराळ्या क्षारांना दल्ला, पापडी, भुसकी अशीं खास नांवें होतीं. आज तें सरोवर संरक्षित असून २०२० मध्यें त्याचा रामसर यादींत समावेश झाला. त्यास कोणी सोड्याची खाण समजूं नये. परंतु एकाच जिल्ह्याच्या विहिरींत व्याधि आणि तळ्यांत औषध असावें, हा योग मोठा मौजेचा आहे.

औषध तरी अर्धेंच. पठारावरच्या जड पाण्याला सोडा मानवतो. पूर्णेकांठच्या पुष्कळ विहिरींत सोडियमचे क्षार आधींच भरपूर असतात, आणि तेथें सोडा घालणें म्हणजे पित्ताच्या रोग्यास मिरे चारणें. ह्याचा फार बोलका दाखला दूर अमेरिकेंत घडला. इलिनॉयच्या विद्यापीठांत एस. डब्ल्यू. पार नांवाच्या रसायनज्ञानें असें दाखवून दिलें कीं, विहिरीच्या पाण्यांतील सोड्याचे क्षार बॉयलरांत तापून दाहक होतात, रिव्हेटांच्या सांध्यांत सांठतात, व तेथील पोलाद ठिसूळ करून त्यास बारीक भेगा पाडतात. त्यांचें ह्या विषयावरील पहिलें मोठें टिपण १९१७ चें आहे. म्हणजे आंतून स्वच्छ, थराचा मागमूस नसलेला बॉयलरही सांध्यांत मरत असूं शकतो. एका विहिरीला तारक ठरलेली पुडी दहा मैलांवरच्या विहिरीला मारक ठरते, हें ज्याला कळलें त्याला पाण्याच्या मक्त्याचें मर्म कळलें.

मक्त्याचा इतिहास दोन निरनिराळ्या मुळांपासून वाढला. पहिलें मूळ विम्याचें. १८५४ च्या सुमारास विल्यम फेअरबेर्न प्रभृति मंडळींनीं मँचेस्टरांत बॉयलरांचे स्फोट टाळण्यासाठीं एक संघ काढला. वर्गणीदारांचे बॉयलर त्याचे निरीक्षक तपाशीत. १८६६ मध्यें अमेरिकेंत हार्टफर्ड येथें ह्याच हेतूनें विमा कंपनी निघाली. बॉयलर फुटला तर पैसे ह्यांनाच मोजावे लागत, म्हणून पत्र्यावर काय बसतें ह्याची चिंता ह्यांना खरीखुरी असे. दुसरें मूळ औषधविक्याचें. १८८७ मध्यें शिकागोस डिअरबॉर्न नांवाचा कारखाना निघाला. गिऱ्हाइकानें आपल्या पाण्याचा नमुना धाडावा, ह्यांनीं तो तपासून त्याजोगें मिश्रण करून द्यावें, अशी त्याची पद्धत. १९२८ मध्यें त्याच शहरांतील दोन कंपन्या एकत्र होऊन पुढें नाल्को नांवानें विख्यात झालेली कंपनी जन्मली. ह्या मंडळींनीं पुडीबरोबर माणूसही पाठविला, हा त्यांचा मोठा विशेष. त्यांचा रसायनज्ञ कारखान्यांत येऊन पाणी तपाशी, तोटी किती वेळां सोडावी तें सांगे, बॉयलर उघडला कीं आंत वांकून पाही. आपल्याकडे १९६४ मध्यें आयन एक्स्चेंज ही कंपनी स्थापन झाली, व १९६६ पासून वाढत गेलेली पुण्याची थरमॅक्स बॉयलरांबरोबर पाण्याचीं रसायनेंही पुरवूं लागली.

कायद्याची वाट तिसरीच. १८६३ मध्यें कलकत्त्यास झालेल्या भयंकर स्फोटांत कित्येक माणसें मेलीं, आणि १८६४ मध्यें बंगालनें बॉयलरांच्या तपासणीचा कायदा केला. अन्य प्रांतांनीं आपापले कायदे केले, ते एकमेकांशीं जुळेनात, तेव्हां १९२३ मध्यें सर्व हिंदुस्थानासाठीं एक कायदा झाला. त्याच्या जागीं २०२५ मध्यें नवा आला आहे. ह्या तपासणीनें असंख्य जीव वांचविले आहेत ह्यांत शंका नाहीं. तथापि निरीक्षक वर्षांतून एकदां येतो आणि पाणी रोज येतें. मधल्या दिवसांचें काय, ह्याचें उत्तर कारखानदारानें आपल्या करारांत द्यावयाचें असतें.

तें उत्तर तो बहुधा कसें देतो? खरेदीखातें निविदा मागवितें, रसायनाचा दर किलोच्या हिशेबानें मांडला जातो, आणि सर्वांत स्वस्त दराला मक्ता मिळतो. आमच्या मतें ह्या व्यवहारांत मुळांतच एक चूक आहे. जो किलोनें विकतो त्याचें हित अधिक किलो खपण्यांत असतें. आणि पाणी तपासून आणखी किती किलो लागतील तें ठरविणाराही तोच. वैद्य, औषधविक्या व पंच एकाच अंगरख्यांत! मँचेस्टरच्या संघाचा धडा असा होता कीं, नुकसान ज्याच्या अंगावर येतें तोच नीट पाहतो. म्हणून मोल ठरवावयाचें तें बॉयलर उघडल्यावर दिसणाऱ्या नळ्यांच्या स्थितीवर, पाण्यांतील क्षारांच्या ठरीव मर्यादेवर, तोटीवाटे वांयां गेलेल्या पाण्यावर. रोजची तपासणी कारखान्याच्या स्वतःच्या माणसानें करावी व वही त्याच्याच हातीं असावी. मक्तेदाराच्या रसायनज्ञानें महिन्या-पंधरवड्यानें येऊन ती ताडून पहावी. ही वही राखणारा माणूस बहुधा पाळीवरचा बॉयलर अटेंडंट असतो. त्याला परीक्षानळींतला रंग कां बदलतो हें कोणी शिकविलेलें नसलें, तर तो कालचेच आंकडे आज उतरून ठेवील, व त्याबद्दल त्याला दोष देतां येणार नाहीं.

आतां जिन विजेवर चालतात. परंतु वाफेची गरज सरलेली नाहीं. आणि तिच्या जोडीला थंड करण्याच्या पाण्याची चिंता आली आहे. खामगांव-शेगांवच्या पूर्वेस, शिंवेपलीकडे अकोला जिल्ह्यांत पारसचें वीजकेंद्र आहे. त्याच्या २५० मेगावॅटच्या दोन संचांत वाफेचें पाणी जवळजवळ क्षारहीन करून घ्यावें लागतें, व त्याहून कितीतरी अधिक पाणी वाफ थिजविण्याकरितां फिरतें. थंड करणाऱ्या मनोऱ्यांत कांहीं पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात व फेरीगणिक दाट होतात. शिवाय कोमट, ओलसर जागेंत शेवाळ व जंतु माजतात. मनोऱ्यांचें लोखंड गंजूं नये म्हणून पूर्वीं क्रोमेट फार वापरीत. औषध गुणकारी पण विषारी. १९९० मध्यें अमेरिकेनें इमारती थंड करणाऱ्या मनोऱ्यांत त्यास बंदी केली. १९७६ मध्यें फिलाडेल्फियांतील एका संमेलनास जमलेल्या माजी सैनिकांत घातक न्युमोनियाची सांथ पसरली, आणि तिचा जंतु अशा मनोऱ्यांच्या पाण्यांत सुखानें वाढतो हें जगाला समजलें. तेव्हांपासून रुग्णालयें व मोठ्या इमारती ह्यांचे पाण्याचे करार केवळ लोखंडापुरते राहिले नाहींत.

राहतां राहिला एक मुद्दा, व तो खारपाण पट्ट्यांत सर्वांहून महत्त्वाचा आहे. पाणी मऊ करण्याची आजची सर्वसामान्य रीत म्हणजे राळेच्या बारीक मण्यांतून तें गाळणें. ते मणी चुना धरतात व सोडियम सोडतात. थकले म्हणजे त्यांना मिठाचें दाट पाणी पाजून ताजें करावें लागतें. झिल्लींतून दाबानें गाळण्याची जी नवी रीत आहे, तींत स्वच्छ पाणी एका बाजूस येतें व सगळे क्षार दुसऱ्या बाजूच्या पाण्यांत गोळा होतात. कोणतीही रीत घ्या, खार नाहींसा होत नाहीं, जागा बदलतो. संग्रामपूर व जळगांव जामोद तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकारानें अनेक घरें पोळलीं आहेत, आणि तेथील लोक आपल्या विहिरींकडे बोट दाखवितात. अशा प्रदेशांत धुवणाचें पाणी कोठें सोडलें जाणार, हें करारांत पहिल्या पानावर यावयास हवें. प्रत्यक्षांत विल्हेवाटीची जबाबदारी मालकाची, एवढें एक वाक्य शेवटच्या जोडपत्रांत असतें. मालक ती नाल्याच्या हवालीं करतो, नाला पूर्णेच्या, आणि पूर्णा चांगदेवपाशीं तापीच्या.