पेन्सिलीतलं मांजर

गॅसचा पिवळट उजेड, ताज्या लाकडाचा वास. 1865 साल उजाडलंय. लंडनच्या कॅम्डन टाउनमध्ये, डॅल्झिएल बंधूंच्या कारखान्यात तुम्ही एका कोरक्याच्या मागे उभे आहात. श्वास जपून सोडा. त्याचा हात हलता कामा नये.

वाळू भरलेल्या चामडी उशीवर लाकडाचा ठोकळा आहे. बॉक्सवुडचा, खोडाचा आडवा छेद घेतलेला, म्हणून हस्तिदंतासारखा घट्ट. त्यावर चित्रकार जॉन टेनिएलचं पेन्सिलीचं मांजर: फांदीवर बसलेलं, कानापर्यंत हसणारं. चित्र उलटं आहे, छापल्यावर सुलटं होईल. टेनिएलचा एक डोळा विशीतच, वडिलांशी तलवारबाजी करताना गेला. समोर कुणाला बसवून तो चित्र काढत नाही, सगळं आठवणीतून.

कोरणी टेकली. आता डोळे भरून पाहून घ्या, कारण हे चित्र पुन्हा कुणालाच दिसणार नाही. जे पांढरं हवं ते कोरून काढायचं, काळी रेष तेवढी उभी ठेवायची. मिशीचा एक केस राखायचा तर दोन्ही बाजूंचं लाकूड जातं. मग दात. एकेक दात म्हणजे एकेक खळगा, आणि मधल्या फटी केसाएवढ्या उंचवट्यांच्या. एक जरी तुटला तरी हसू बिघडलं. टेनिएलची पेन्सिल भुग्यात पडत राहते. उरतं ते या माणसाने राखलेलं. त्याचं नाव मला फार हवं होतं, पण कोपऱ्यात सही कारखान्याचीच कोरली जाते.

‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ या पुस्तकासाठी अशी 42 चित्रं. खर्च लेखक लुईस कॅरलच्या पदरचा: काढण्याचे 138 पौंड, कोरण्याचे 142.

आता जुलै. ऑक्सफर्डमध्ये छापून झालेल्या 2000 प्रतींपैकी एक टेनिएलच्या हातात आहे. चित्रांची छपाई त्याला मुळीच पसंत नाही. आणि कॅरल ऐकतो! वाटलेल्या प्रतीसुद्धा परत मागवतो, दुसऱ्या छापखान्यात पुस्तक पुन्हा पहिल्यापासून छापून घेतो. मुलांच्या पुस्तकातल्या रेषांसाठी एवढं नुकसान सोसणाऱ्या या दोघांपुढे मी मनापासून वाकतो.

शेवटची उडी 1985 मध्ये. लंडनमधल्या एका बँकेच्या तळघरात पेटी उघडतेय. आत तेच ठोकळे! छपाई त्यांच्यावरून घेतलेल्या धातूच्या प्रतिकृतींवरून झाली, म्हणून लाकूड झिजलेलं नाही. एक उचला, उजेडाकडे तिरका धरा. मांजर अजून उलटंच आहे. दातांवरून हलकेच बोट फिरवा. मधले उंचवटे लागतात.