नरभक्षक झाडाची वंशावळ

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या नातवाने चार मित्र जमवून आमच्या ओटीवर एक खेळ मांडला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने कथा सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रे व्हायचे आणि पेच पडला की फासा टाकायचा. कथेत एक झाड होते. दुरून पाहावे तर चारचौघांसारखे. जवळ जावे तर फांद्या दोरखंडासारख्या वळवळत आहेत, खोडाला तोंडे फुटली आहेत आणि मुळांच्या जागी चक्क खूर! ते ज्याच्या दृष्टीस पडेल त्याने फासा टाकून आपले थोडे मनःस्वास्थ्य गमवायचे, असा नियम.

“हे झाड आले कुठून रे?” मी विचारले.

“पुस्तकातून, आजोबा.”

ज्याने उभा जन्म शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवले, त्याचे एवढ्याने समाधान व्हावे कसे? मी त्या झाडाची वंशावळ शोधायला बसलो.

पहिली पिढी सहज सापडली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. १९७७ साली त्याचा राक्षसकोश निघाला. त्यात कुजक्या पालापाचोळ्याचा चालता ढिगारा आहे, उजेड दिसताच किंचाळणारी अळंबी आहे. पुढे १९८१ साली सँडी पीटरसन याचा ‘कॉल ऑफ क्थुलू’ आला. शरीराबरोबर मनाचाही हिशेब ठेवण्याची युक्ती त्याची, आणि ओटीवरचे खूरवाले झाडही त्याच घराण्यातले. प्रत्येक राक्षसापुढे आकडे मांडलेले: उंची किती, बळ किती, फासे किती.

या आकड्यांपाशी मी थबकलो. झाडाच्या क्रौर्याची अशी मापे मी पूर्वी वाचली होती, पण ती खेळात नव्हे, वर्तमानपत्रात!

२६ एप्रिल १८७४ रोजी न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रात मादागास्करमधल्या नरभक्षक झाडाची हकीकत छापून आली. सांगणारा कार्ल लेखे नावाचा कोणी शास्त्रज्ञ. खोड अननसासारखे, आठ फूट उंच. पाने मोजून आठ. म्कोडो नावाच्या जमातीने एका बाईला त्यावर चढवले आणि झाडाने तिला गिळले, असे त्याने लिहिले. वस्तुतः ना तो शास्त्रज्ञ होता, ना ती जमात, ना ते झाड. एडमंड स्पेन्सर नावाच्या लेखकाने हे रचले, असे १८८८ साली छापूनही आले. तरी १९२४ साली मिशिगन राज्याचे माजी गव्हर्नर चेस ऑस्बर्न यांनी मादागास्करवरच्या आपल्या ग्रंथाच्या नावातच ते झाड रोवले! १९५५ साली विली ले याने सारा बनाव पुन्हा उलगडून दाखवला.

आणखी मागे जावे तर जावा बेट लागते. १७८३ साली ‘लंडन मॅगझीन’मध्ये फोर्श नावाच्या, स्वतःला डच कंपनीचा शल्यवैद्य म्हणवणाऱ्या गृहस्थाने उपास वृक्षाचे वर्णन केले. त्याच्याभोवती कित्येक मैल गवताची काडी उगवत नाही म्हणे, आणि राजा देहान्ताची शिक्षा झालेल्यांना त्याचे विष आणायला धाडतो. एरॅस्मस डार्विन याने १७८९ साली आपल्या काव्यात ही भाकडकथा घेतली. मौज पाहा: त्याचाच नातू चार्ल्स दवबिंदू या इवल्याशा वनस्पतीच्या पानांवर मांसाचे कण ठेवून वर्षानुवर्षे प्रयोग करीत बसला आणि कीटकभक्षी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १८७५ साली, म्हणजे ‘वर्ल्ड’च्या थापेनंतर वर्षभराने, प्रसिद्ध झाला. आजोबांनी अफवा वाढवावी आणि नातवाने खरे शोधावे, असेही घडते.

मला खटकले ते निराळेच. दोन्ही थापांत झाड एकटे उभे नाही. त्याच्या शेजारी क्रूर माणसे उभी केली आहेत: एकीकडे बळी देणारी जमात, दुसरीकडे निर्दय राजा. झाड खोटे ठरले की लोक हसून सोडून देतात. पण त्या माणसांवर उडालेला चिखल कोण धुतो? नातवाची वही चाळली. त्याने झाड सह्याद्रीत लावले होते, आणि झाडाला माणसे वाहणारी एक ‘रानटी जमात’ही घातली होती. त्याला कोणी हे शिकवले नव्हते. वंशावळीतून ते आपोआप आले होते.

मग मी त्याला उपास वृक्षाची खरी गोष्ट सांगितली. तो वृक्ष आपल्या पश्चिम घाटातही आहे. मराठीत त्याला चांदकुडा म्हणतात. त्याचा चीक विषारी खरा. जावाकडे तो बाणांच्या टोकांना लावीत आणि रक्तात भिनला की घात करी. पण त्याच्या सावलीने कोणी मरत नाही. उलट, घाटातले लोक त्याच्या फांदीचा तुकडा भिजवून ठोकीत, साल अखंड उलटी सोलून काढीत, बुडाला लाकडाची चकती तशीच ठेवीत, की झाली पोती तयार! त्यात भात भरीत. ज्या झाडाने सारे युरोप भ्याले, त्याच्या सालीत आपल्या माणसांनी वर्षाचे धान्य राखले.

नातू काही बोलला नाही. वही घेऊन आत गेला.

दसऱ्याला डाव पुन्हा बसला. झाड तेच, खूर तेच, फासेही तेच. जमात मात्र वहीतून गेली होती. वाटेवर एक म्हातारी साल ठोकीत बसली होती, एवढेच. तिला न विचारता पुढे गेलेले दोघे पहिल्याच फेरीत गारद झाले.