सरकारी फिरती आणि रयतेचा विश्वास

मालवणच्या किनाऱ्यावर उभें राहिलें म्हणजे समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. इ. स. १६६४ च्या नोव्हेंबरांत ह्या किल्ल्याचें काम सुरू झालें. त्याचे तट पाहून शिवाजीमहाराजांच्या आरमारी सामर्थ्याची कल्पना कोणालाही येते. परंतु त्या राज्याचें दुसरेंही एक बळ होतें, आणि तें दगडाचुन्याचें नव्हतें. सरकारचा माणूस गांवांत शिरला असतां रयतेला धास्ती वाटूं नये, अशी जी तजवीज त्या राज्यानें केली, तिच्यांत तें बळ होतें.

मालवणच्या उत्तरेस प्रभावळीचा मामला होता. तेथील सुभेदार रामाजी अनंत ह्यास महाराजांनीं ५ सप्टेंबर १६७६ रोजीं लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. ह्या एकाच पत्रांत दोन आज्ञा आहेत. पहिली ही कीं, सुभेदारानें रयतेच्या भाजीच्या देठाचीही अभिलाषा धरूं नये. दुसरी ही कीं, त्यानें गांवोगांव फिरावें, शेतकऱ्यांना गोळा करावें, कोणापाशीं बैल नाहींत व कोणापाशीं बियाणें नाहीं हें पाहावें, ज्याला जें कमी असेल तें सरकारांतून पुरवावें, आणि दिलेली रक्कम पुढें त्याला शक्ति येईल तसतशी, व्याजावांचून, केवळ मुद्दलापुरती वसूल करावी. म्हणजे फिरती हा सुभेदाराचा मान नव्हता. तें त्याचें काम होतें. कचेरींत बसून राहणाऱ्या अधिकाऱ्याला रयतेच्या परसांतली भाजी दिसतच नाहीं. ज्याला रोज तिच्या दारांत जावयाचें आहे, त्यालाच देठाचा निर्बंध अधिक लागू.

देठाची किंमत ती काय? मग त्याविषयीं एवढा कटाक्ष कशासाठीं? ह्याचें उत्तर दुसऱ्या एका पत्रांत सांपडतें. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ छावणीस असलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना तें लिहिलेलें आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेली दाणावैरण बेताबेतानें वापरली नाहीं, तर ती मध्येंच संपेल. मग कोणी शेतकऱ्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी जळण, कोणी भाजी. असें झालें म्हणजे रयत घरेंदारें सोडून जाऊं लागेल, आणि मोगलांपेक्षां हेच अधिक वाईट असें तिला वाटेल, असा इशारा त्यांत दिला आहे. ज्या मोगलांविरुद्ध सारा उद्योग चालला होता, त्यांच्याशीं आपल्याच फौजेची तुलना रयत करील, हें राज्यकर्त्यानें ओळखलें होतें. रयत सरकारची परीक्षा जाहीरनाम्यांवरून करीत नाहीं. दारांत आलेल्या शिपायाच्या वागणुकीवरून करते.

पुढें अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतही हाच विचार आढळतो. आरमाराला लांकूड लागतें हें खरें. तथापि आंबा, फणस ह्यांसारखीं झाडें रयतेनें पोटच्या लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, म्हणून त्यांना हात लावूं नये. एखादें झाड अगदीं जीर्ण झालें असेल, तर धन्याला राजी करून आणि द्रव्य देऊन तें न्यावें, असें त्यांत सांगितलें आहे. सरकारी काम हें सक्तीचें निमित्त होतां कामा नये, असा त्याचा अर्थ.

पेशवाईंत हा प्रश्न वाहतुकीच्या रूपानें पुढें आला. मोठ्या अधिकाऱ्यांचें सामान न्यावयाचें असलें, म्हणजे गांवांतलीं माणसें धरून आणीत आणि त्यांच्या डोक्यावर ओझीं देत. मोबदला कांहीं नसे. ह्यालाच वेठ म्हणत. ऐन पेरणींत शेतावरून उचललेल्या माणसाचें सारें वर्ष बुडे. थोरले माधवराव पेशवे ह्यांनीं आपल्या कारकीर्दींत (१७६१ ते १७७२) ह्या चालीस बंदी केली. तरीही वसईचा सुभेदार विसाजीपंत सर्रास वेठ घेत असल्याचें त्यांच्या कानीं आलें. ग्रँट डफ आपल्या १८२६ सालच्या इतिहासांत सांगतो कीं, पेशव्यांनीं तो वाहून नेलेला माल जप्त केला, सुभेदारास जबर दंड केला, आणि दंडाची रक्कम ज्या लोकांना शेतीवरून ओढून नेलें होतें त्यांना देवविली. त्यानंतर निघालेले हुकूम मोडण्याचें धाडस कोणी केलें नाहीं. पेशव्यांना बातमी पोंचते हें सर्वांस ठाऊक होतें. बातमी, दंड आणि भरपाई ह्या तिन्ही गोष्टी येथें एकत्र आल्या. नुसत्या बंदीनें जें साधलें नव्हतें, तें ह्या तिहींनीं साधलें.

२६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें वेठबिगार निषिद्ध ठरली. आतां अधिकाऱ्याच्या व लोकप्रतिनिधीच्या प्रवासाचा भार माणसाच्या डोक्यावर पडत नाहीं, तिजोरीवर पडतो. पण तिजोरी सर्वांची असल्यामुळें तिच्यांतून काय गेलें हें कोणाच्याच डोळ्यांना सहजासहजीं दिसत नाहीं. मोह मात्र पूर्वींचाच आहे, आणि तो एका देशापुरता नाहीं.

ऑस्ट्रेलियांत प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षा ब्रॉनविन बिशप ह्या २०१४ च्या नोव्हेंबरांत मेलबर्नहून जिलाँग येथें आपल्या पक्षाच्या निधिसंकलनाच्या समारंभास हेलिकॉप्टरानें गेल्या. मोटारीनें हा प्रवास सुमारें तासाभराचा. सरकारी खजिन्यावर ५,२२७ डॉलर पडले. २०१५ च्या जुलैंत ही गोष्ट उघडकीस आली, लोकक्षोभ उसळला, आणि २ ऑगस्ट रोजीं त्यांना पद सोडावें लागलें. २०१७ च्या जानेवारींत आरोग्यमंत्री सुसान ली ह्यांनींही राजीनामा दिला. सरकारी खर्चानें गोल्ड कोस्ट येथें गेल्या असतां त्यांनीं तेथें घर विकत घेतलें होतें. आपला प्रवास नियमांत बसतो, असें त्यांचें म्हणणें होतें. परंतु लोकांचा प्रश्न नियमाचा नव्हता. हा प्रवास कोणाच्या कामासाठीं, हा होता. त्याच वर्षीं तेथें खर्चाची तपासणी करणारी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि नव्या कायद्यानें सभासदांचे ‘हक्क’ ही जुनी भाषा सोडून कामासाठीं लागणारी साधनें अशी भाषा स्वीकारली. प्रवासाचा मुख्य हेतु संसदीय कामाचाच असला पाहिजे, असा दंडकही घातला. रामाजी अनंताला जें १६७६ सालीं सांगितलें गेलें, त्याहून हें फारसें वेगळें नाहीं.

ह्यावर उपाय म्हणून फिरतीच बंद करावी असें कोणी म्हणेल, तर तें कोंकणाला परवडणारें नाहीं. खाड्यांनीं आणि डोंगरांनीं तुटलेल्या ह्या मुलखांत अधिकारी स्वतः आल्यावांचून वाडीवस्तीची अडचण त्याला कळत नाहीं. अधिकाऱ्यानें यावें, प्रतिनिधीनें यावें, त्यासाठीं लागेल तो खर्चही व्हावा. मात्र त्याचा हिशेब रयतेला पाहतां यावा. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें ती सोय झाली आहे. पेशव्यांपाशीं जशी बातमी पोंचत असे, तशी ती आतां सामान्य नागरिकाला साध्या अर्जानें मागतां येते. ती मागण्याची संवय लागणें, आणि जें गैर खर्च झालें असेल तें ज्याचें त्याला परत मिळणें, ह्या दोन गोष्टींवर सरकारवरील विश्वास अवलंबून आहे.