स्मरणशक्ती नसलेला पहारेकरी

जुन्या लिनक्स डब्यावर एखादा पोर्ट उघडायचा म्हणजे एक ओळ लिहायची, असं आपल्याला वाटतं. ती ओळ काय करते हे मात्र डबा कोणत्या सालचा आहे त्यावर ठरतं, म्हणून आज थोडा इतिहास बघू.

१९९८ मध्ये कोबाल्ट नेटवर्क्स या अमेरिकन कंपनीने 'क्यूब' आणला. निळा, ठोकळ्यासारखा डबा. छोट्या ऑफिसची ईमेल, वेबसाइट, फाइली सगळं त्यात, आणि सेटिंग ब्राउझरमधून. आत लिनक्स आहे हे मालकाला कळायचंही कारण नव्हतं. तीच तर त्याची विक्रीची खुबी!

नंतरच्या एका क्यूबमध्ये लिनक्सचा २.२ कर्नल होता, आणि त्या कर्नलचा पहारेकरी म्हणजे आयपीचेन्स. त्याची अडचण अशी की त्याला स्मरणशक्ती नव्हती. तो प्रत्येक पॅकेट सुटं बघायचा. आतून कुणी वेबसाइट उघडली, तर विनंती पोर्ट ८० कडे जाते आणि उत्तर आपल्याकडच्या १०२३ च्या वरच्या कुठल्यातरी पोर्टवर येतं. आता हे उत्तर मागवलेलं आहे की आगंतुक, हे पहारेकऱ्याला कसं कळणार? टीसीपीत निदान 'नवं कनेक्शन सुरू करतोय' अशी खूण असते. ती नसेल तर 'उत्तर असेल' असं मानून आत सोडायचं. म्हणजे येणाऱ्याच्याच शब्दावर विश्वास. यूडीपीत तर तेवढीही खूण नाही.

एफटीपीने यावर कडी केली. त्याच्या जुन्या पद्धतीत फाइल पाठवताना समोरचा सर्व्हर पोर्ट २० वरून आपल्याकडे उलट कनेक्शन करतो. मग लोकांनी नियम लिहिला: २० वरून येणाऱ्याला वरच्या सगळ्या पोर्टांवर येऊ द्या. पण आपण कुठल्या पोर्टवरून निघायचं हे हल्लेखोर स्वतःच ठरवू शकतो! एका फाइलीसाठी साठ हजारांवर दारं उघडी.

जानेवारी २००१ मध्ये कर्नल २.४ आला, त्याबरोबर रस्टी रसेल आणि सहकाऱ्यांचं आयपीटेबल्स. हा पहारेकरी वही ठेवतो: कोण बाहेर गेलं, कुणाचं उत्तर यायचंय. आमच्या मते लिनक्स फायरवॉलच्या इतिहासातला हाच मोठा टप्पा. बाकी बदल त्यापुढे किरकोळ. एका बदलाने मात्र पुष्कळांना घोळात घेतलं. आयपीचेन्समध्ये डब्यातून पलीकडे जाणारं पॅकेट इनपुट, फॉरवर्ड, आउटपुट अशा तिन्ही साखळ्यांतून जायचं. आयपीटेबल्समध्ये ते फक्त फॉरवर्डमधून जातं. जुन्या सवयीने कुणी आतल्या मशिनांचं संरक्षण इनपुटमध्ये लिहिलं, तर नियम दिसतो, चूक दाखवत नाही, आणि काहीच अडवत नाही.

आणि जुना डबा बंद कोण करतो? सनने २००० मध्ये कोबाल्ट विकत घ्यायचं ठरवलं, २००३ मध्ये ते डबे बनवणं थांबवलं. पण कंपनी थांबली म्हणून ऑफिसातल्या कपाटावरचा डबा थांबत नाही. 'तात्पुरता' उघडलेला पोर्टही तसाच राहतो, फक्त मागच्या सॉफ्टवेअरला दुरुस्ती मिळायची बंद होते.

२०१६ मध्ये मिराईने हेच दाखवलं. लिनक्सवर चालणारे कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर. त्यांचा टेलनेटचा पोर्ट २३ उघडा. साठेक ठरलेली नावं-पासवर्ड लावून बघितले, आणि डबे ताब्यात. २१ ऑक्टोबरला डाइन या कंपनीवरच्या हल्ल्यात ट्विटरसकट मोठमोठ्या साइट्स अडखळल्या. त्या घरांतल्या बहुतेकांनी पोर्ट २३ हे नावही ऐकलं नसेल. त्यांच्याकडे तो उघडाच आला होता.

२०१४ च्या एनएफटेबल्सकडे पुढच्या व्याख्यानात येऊ. आता प्रश्न घेऊया.