जुन्या अकोल्याची डबलसीट

अकोल्याचे जुने शहर मोर्णा नदीच्या पश्चिम काठावर आहे. रेल्वे स्टेशन आणि ताजनापेठ पूर्वेला. १८६०च्या दशकात रेल्वे आली, कापसाचा व्यापार नदीपलीकडे सरकला आणि असदगड किल्ल्याच्या आधाराने वाढलेली ही वस्ती मागे पडली. बाळापूरची वाट मात्र तिच्याच अंगाला निघते. सायकल आल्यावर जुन्या शहराला याचा फायदा झाला. मोर्णा न ओलांडता माणूस थेट रानात पोचू लागला.

दोन सारख्या चाकांची आणि साखळीची सायकल इंग्लंडमध्ये १८८५ साली तयार झाली, डनलॉपचे हवेचे टायर १८८८ साली आले. वऱ्हाडच्या खडीच्या सडकेवर भरीव टायरने लांब जाणे म्हणजे शिक्षाच होती. विलायती सायकल महाग असल्याने ती बरीच वर्षे पगारदार आणि सुखवस्तू घरांपुरतीच राहिली. स्वातंत्र्यानंतर सोनीपतला १९५१ मध्ये ॲटलस आणि लुधियान्यात १९५६ मध्ये हिरोचे कारखाने निघाले, तशी ती शिक्षक, कारकून, दूधवाले यांच्या हाती आली. ज्याला तीही परवडत नसे, तो तासाच्या भाड्याने घेई.

जोडीने फिरण्याचा प्रश्न जरा अवघड होता. पुरुषी सायकलीची आडवी नळी नऊवारीला सोयीची नाही आणि लेडीज सायकल घेण्याइतके पैसे व धीटपणा थोड्याच घरांत होता. म्हणून बायको कॅरिअरवर एका अंगाने, पदर चाकात जाऊ नये म्हणून खोचलेला, आणि मूल असेल तर पुढे नळीवर. गावात डबलसीट दिसली की पोलीस अडवी; नाका ओलांडला की विचारणारे कोणी नसे. ‘फिरायला जातो’ असे मात्र कोणी म्हणत नसे. देवदर्शन, नातेवाइकाकडचा हळदीकुंकवाचा बोलावा किंवा शेतावरचा हुरडा, काहीतरी काम सांगावे लागे. वऱ्हाडातील नवराबायकोची मौज कामाच्या आडोशानेच वाढली, असे म्हणायला हरकत नाही.

वेळापत्रक ठरवी ती जमीन. पावसाळ्यात काळी माती मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये इतकी घट्ट बसते की चाक फिरतच नाही. काडीने कोरून काढावी तर दहा पावलांवर पुन्हा भरते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि सावली म्हणून बाभूळच, तिचे काटे टायरसाठी. पंक्चर झाले की ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडा शोधायचा, ती जागा घासायची, सोल्युशन लावून ठिगळ दाबायचे. रस्त्यात घमेले नसेल तर ट्यूब गालाजवळ धरून हवा कुठून सुटते ते ताडायचे.

त्यात पाण्याची अडचण. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. बाळापूर तालुक्यातील बरीच गावे त्यात येतात. विहीर दिसते, पाणीही भरपूर दिसते, पण तोंडात घेतले की मचूळ लागते. वाळवंटात पाणी नसते. इथे असून पिता येत नाही, एवढाच फरक.

अकोल्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर मन आणि म्हैस नद्यांच्या संगमाशी बाळापूर. किल्ल्याचे काम औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने सुरू केले, १७५७ मध्ये एलिचपूरच्या इस्माईल खानाने ते पुरे केले. नदीकाठची काळ्या दगडाची छत्री मिर्झाराजे जयसिंगांची. पुरंदरच्या तहाचे हे राजे १६६७ मध्ये बऱ्हाणपुरास वारले. डबा सोडायला आणि सायकल घोड्यावर (स्टँडवर) लावून दुपार काढायला ही छत्री उत्तम. परतीला मात्र तितकेच पेडल मारायचे असल्याने मुक्काम लांबत नसे.

१९८०नंतर लूना आणि स्कूटर सर्रास झाल्या, सायकलची भाड्याची दुकाने एकेक करून आटली. बाळापूरची सडक आता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, त्यावर ट्रकांची वाहतूक जड आहे. हौसेने सायकल चालवणारी जोडपी पुन्हा दिसतात, दोघांची सायकल वेगळी, हेल्मेटसह. पण जमीन आणि हवा तीच असल्याने मोसमही तोच राहिला आहे: डिसेंबर-जानेवारी, निघायचे उजाडताच, आणि पाणी घरूनच न्यायचे.