रेल्वे स्टेशनवरचं स्वयंचलित तिकीट गेट: ते काम कसं करतं आणि जळगाव-धुळ्याला चालेल का?



दिवाळीनंतर मी आबांना (माझ्या काकांना) घेऊन जळगावहून मुंबईला गेलो होतो. रेल्वेतून उतरलो आणि मेट्रोचं कागदी तिकीट काढलं. आबांनी तिकीट गेटच्या काचेवर धरलं, झडपा उघडल्या. मग त्यांनी सवयीप्रमाणे आधी जड पिशवी पुढे सरकवली आणि धोतर सावरत मागून निघाले. तेवढ्यात झडपा बंद! पिशवी पलीकडे, आबा अलीकडे. "हाई काय शे भो?" असं म्हणून ते माझ्याकडे बघायला लागले. तिथल्या कर्मचाऱ्याने शेजारचं रुंद गेट उघडलं आणि आम्ही आत गेलो.

परतताना जळगाव स्टेशनवर उतरलो, जिना चढून सरळ बाहेर आलो. कुणी अडवलं नाही. तेव्हा आबांनी विचारलं, "तिथं यंत्र अन् इथं उघडं रान, असं काबरं?" आजचा लेख या प्रश्नाचं उत्तर आहे.

हे गेट नेमकं काय करतं?

तांत्रिक भाषेत याला एएफसी गेट म्हणतात. एएफसी म्हणजे स्वयंचलित भाडेवसुली. गेटमुळे स्टेशनचे दोन भाग पडतात: बाहेरचा मोकळा भाग आणि आतला, फक्त तिकीटवाल्यांचा भाग. गेट तीन कामं करतं.

१. तिकीट खरं आहे का, ते आज, आत्ता, या स्टेशनवर चालतं का, हे तपासतं.
२. एका तिकिटावर एकच माणूस जातोय ना, हे बघतं.
३. किती जण आत गेले आणि किती बाहेर आले, याची नोंद ठेवतं.

आपण पहिल्या कामाबद्दलच बोलतो. पण गर्दीच्या स्टेशनसाठी तिसरं काम सगळ्यात मोलाचं आहे. प्लॅटफॉर्मवर या क्षणी किती माणसं आहेत, हे आपल्या बहुतेक स्टेशनांवर मोजलं जात नाही, अंदाजाने ठरतं.

गेट तिकीट वाचतं कसं?

मुख्य पद्धती दोन.

क्यूआर तिकीट: कागदावर किंवा मोबाईलवर चौकोनी ठिपक्यांचं चित्र असतं. त्यात तिकीट क्रमांक, कुठून कुठे, कधीपर्यंत चालेल ही माहिती असते आणि ती खरी असल्याची डिजिटल सही असते. सही जुळली तर गेट उघडतं आणि ते तिकीट "वापरलं" म्हणून नोंदवतं. म्हणून त्याच तिकिटाचा स्क्रीनशॉट दुसऱ्याला पाठवून उपयोग होत नाही.

स्मार्ट कार्ड: कार्डात छोटी चिप आणि तारेचं वेटोळं असतं. कार्डाला बॅटरी नसते. गेटच्या वाचकातून १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरी निघतात, त्यातूनच चिपला वीज मिळते. आत जाताना चिपवर स्टेशनचं नाव आणि वेळ लिहिली जाते, बाहेर पडताना भाडं कापलं जातं. ४ मार्च २०१९ ला सुरू झालेलं एनसीएमसी कार्ड याच प्रकारचं आहे. त्यात शिल्लक रक्कम कार्डावरच ठेवायची सोय आहे, त्यामुळे नेटवर्क नसलं तरी गेट अडत नाही.

वेगात कार्ड पुढे असतं. मोबाईलवरच्या क्यूआरला जास्त वेळ लागतो, कारण स्क्रीनचा उजेड कमी असतो, काच तडकलेली असते, किंवा माणूस गेटपाशी येऊन ॲप उघडायला घेतो.

मग आबांची पिशवी का सुटली आणि आबा का अडकले?

गेटच्या दोन्ही भिंतींत अवरक्त किरणांच्या सेन्सरची रांग असते. कोणता किरण आधी तुटला, कोणता नंतर, किती वेळ तुटून राहिला, यावरून यंत्र ठरवतं की एक माणूस गेला की दोन. पिशवी पुढे सरकली तेव्हा यंत्राने ओळखलं की एक "प्रवासी" गेला. मागून आलेले आबा त्याच्या लेखी बिनतिकीट घुसणारा दुसरा माणूस ठरले. चूक आबांचीही नाही आणि यंत्राचीही नाही. हे गेट पाठीवर छोटी बॅग घेतलेल्या नोकरदाराला धरून बनवलं आहे, गहू-दादरच्या पिशव्या घेऊन निघालेल्या खान्देशी माणसाला धरून नाही.

ही पद्धत कुठून आली?

जपानमध्ये १९६७ साली ओसाकाजवळच्या किता-सेनरी स्टेशनवर अशी स्वयंचलित गेटं बसली. ती यंत्रणा ओम्रॉन कंपनीची होती. पुढे २००१ मध्ये टोकियो भागात सुईका कार्ड आलं आणि कागदी तिकीट यंत्रात सरकवायची गरज कमी झाली.

महाराष्ट्रात सामान्य प्रवाशाला अशा गेटची ओळख ८ जून २०१४ ला झाली, जेव्हा वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. मग २०१९ मध्ये नागपूर आणि २०२२ मध्ये पुणे मेट्रो आली. घाटकोपरला हा फरक समोरासमोर दिसतो: मेट्रोच्या बाजूला गेटांची रांग, रेल्वेच्या बाजूला उघडा जिना.

भारतीय रेल्वेला हे तंत्र नवीन आहे असं समजू नका. कोलकाता मेट्रो रेल्वेच्याच ताब्यात आहे आणि तिथे गेटं आहेत. दिल्लीतल्या बरार स्क्वेअर या छोट्या स्टेशनवर २०१६ मध्ये रेल्वेने झडपांच्या गेटचा प्रयोगही केला होता. म्हणजे यंत्र हातात आहे. अडचण दुसरीकडेच आहे.

मेट्रोला जमतं, रेल्वेला का जमत नाही?

मेट्रोत तिकिटाचे प्रकार मोजके असतात आणि स्टेशन बांधतानाच भिंती उभ्या राहतात. आता जळगावच्या प्लॅटफॉर्मवर एका वेळी कोणकोण असतं ते बघा:

- भुसावळला रोज जाणारा मासिक पासवाला
- अमळनेर, धरणगावचं जनरल तिकीट काढलेले लोक
- एकाच पीएनआरवर सहा जणांचं आरक्षण असलेलं कुटुंब
- काऊंटरचं वेटिंग तिकीट घेऊन जनरल डब्यात चढणारा
- ई-तिकिटाचा नुसता एसएमएस आणि ओळखपत्र असलेला
- लेकीला गाडीत बसवून द्यायला आलेले, प्लॅटफॉर्म तिकिटावरचे आई-वडील
- हमाल, फेरीवाले, रेल्वे कर्मचारी

या प्रत्येकाचा नियम वेगळा. प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं. कमी अंतराच्या जनरल तिकिटावर साधारण तीन तासांच्या आत प्रवास सुरू करावा लागतो. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट नाही, पण सेन्सरला वय कळत नाही, उंची कळते. मुंबई मेट्रोने म्हणूनच वयाऐवजी ९० सेंटीमीटर उंचीचा नियम ठेवला आहे. सहा जणांच्या पीएनआरवर चार जण आत गेले आणि दोघे मागून आले, तर गेटने काय करायचं? हे सगळं आधी सॉफ्टवेअरमध्ये बसवावं लागेल. त्याआधी प्रत्येक तिकिटावर गेटला वाचता येईल अशी एकच खूण लागेल.

मग आत्ताच याची चर्चा का?

कारण प्रश्न आता फुकट्या प्रवाशांपुरता राहिलेला नाही, तो जीव वाचवण्याचा आहे. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्टेशनवर चेंगराचेंगरी झाली आणि १८ जण गेले. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये रेल्वेने ६० गर्दीच्या स्टेशनांबाबत निर्णय जाहीर केला: स्टेशनबाहेर कायमची प्रतीक्षा जागा, आरक्षण पक्कं असलेल्यांना थेट प्लॅटफॉर्मवर प्रवेश, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, आणि अनधिकृत वाटा बंद.

याचा खान्देशाशी जवळचा संबंध आहे. आपल्या कितीतरी घरांतली माणसं सुरतेला कामाला आहेत आणि सणाला सुरत-उधन्याहून जळगाव मार्गाच्या गाड्यांनी येतात. सुरत स्टेशनवर ११ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन दिवाळीत, चेंगराचेंगरीत एकाचा जीव गेला. २०२४ च्या सणांत सुरत आणि उधना इथे लोकांना बाहेरच्या मंडपात थांबवून गाडी लागल्यावरच आत सोडलं गेलं. तिथे यंत्र नव्हतं, दोर आणि माणसं होती. पण तत्त्व गेटचंच होतं: आत जेवढी जागा, तेवढीच माणसं.

थोडा हिशोब करू

समजा एका गेटमधून मिनिटाला ३० माणसं जातात. सामान असेल तर १५ धरा. गाडीतून ६०० माणसं उतरली.

- ६ गेटं, सामान नाही: ६ × ३० = १८०. सुमारे साडेतीन मिनिटं.
- ६ गेटं, सगळ्यांकडे सामान: ६ × १५ = ९०. साडेसहा मिनिटांहून जास्त.
- त्यातली दोन बंद पडली: ४ × १५ = ६०. दहा मिनिटं.

ही माझी गृहीत धरलेली संख्या आहे, पण त्यातून मुद्दा कळतो. या दहा मिनिटांत दुसरी गाडी लागली तर उतरलेली गर्दी गेटमागे जिन्यावर साचते. म्हणजे जे यंत्र चेंगराचेंगरी टाळायला आणलं, तेच चुकीच्या जागी बसवलं तर ती घडवू शकतं. म्हणून गेटं कधीही जिन्याच्या तोंडाशी नसावीत, त्याआधी मोकळी जागा हवी. आणि बाहेर पडायच्या वाटा आत यायच्या वाटांपेक्षा जास्त हव्यात.

जळगाव आणि धुळे: दोन टोकं

धुळे स्टेशन म्हणजे चाळीसगावहून आलेल्या फाट्याचं शेवटचं टोक. २२ मे २०२५ ला अमृत भारत योजनेतल्या ज्या १०३ स्टेशनांचं उद्घाटन झालं, त्यात धुळे होतं. इथे गाड्या मोजक्या आणि लाईन पुढे जात नाही, त्यामुळे गेट बसवणं सोपं. पण गरज किती? एक तपासनीस हातातल्या यंत्रावर तेवढं काम करू शकतो.

जळगाव याच्या उलट. मुंबई-हावडा मार्ग आणि सुरतेकडून येणारा मार्ग इथे मिळतात. गर्दी आहे, गरज आहे. पण रुळांच्या एका बाजूला बाजारपेठ, दुसऱ्या बाजूला शिवाजीनगर. अशा शहरात स्टेशनची हद्द पूर्ण बंद करणं म्हणजे लोकांच्या रोजच्या वाटांना हात घालणं. आणि एक जरी वाट उघडी राहिली, तर बाकीची गेटं फक्त प्रामाणिक माणसाला अडवायला उरतात.

थोडक्यात, जिथे सोपं आहे तिथे गरज कमी आणि जिथे गरज आहे तिथे सोपं नाही.

माझं मत विचाराल तर जळगावला क्रम असा हवा: आधी बाहेर सावली, पाणी आणि संडास असलेली प्रतीक्षा जागा, मग पादचाऱ्यांना रूळ ओलांडायला स्टेशनबाहेरून वेगळी वाट, मग सगळ्या तिकिटांवर वाचता येणारा क्यूआर, आणि सगळ्यात शेवटी गेट. नाहीतर मे महिन्यात ४४-४५ अंशांत जनरल तिकीटवाला उन्हात उभा राहील आणि आरक्षणवाला आत पंख्याखाली बसेल. तिकीट दोघांनीही काढलेलं असतं.

वीज गेली किंवा आग लागली तर?

हा प्रश्न प्रत्येकाने विचारला पाहिजे. चांगल्या यंत्रणेत वीज गेली की झडपा बंद न होता उघड्या राहतात. शिवाय स्टेशन नियंत्रकाकडे एक आपत्कालीन बटण असतं, ते दाबलं की सगळी गेटं एकदम उघडतात. पुढेमागे आपल्या स्टेशनवर गेट बसलंच, तर "बटण कुठे आहे आणि ते दाबायला रात्री कोण हजर असतं?" हे आधी विचारा.

गेटमधून जाताना लक्षात ठेवा

- तिकीट किंवा कार्ड रांगेत असतानाच हातात काढा, मोबाईलचा उजेड वाढवा.
- आधी तुम्ही, मागून सामान. पिशवी अंगालगत धरा, पुढे ढकलू नका.
- मूल असेल तर त्याला तुमच्या पुढे, अंगालगत ठेवा.
- व्हीलचेअर, जड सामान किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर रुंद गेट मागा.
- बाहेर पडेपर्यंत तिकीट टाकू नका, बाहेर पडतानाही ते लागतं.
- पुढच्याच्या मागोमाग घुसू नका. झडप लागते आणि तुमच्या तिकिटाची नोंदही चुकते.

आबांना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे यंत्र शेवटी, भो. आधी बसायला जागा करा." पुढच्या वेळी मुंबईला जाताना मात्र पिशवी पाठीवर घेणार आहेत.